स्पॉक तोच, नट नवा: ‘रीकास्टिंग’ला मराठीत काय म्हणावं?

माहीमकर:
‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. कर्क, स्पॉक, उहुरा ही 1966 साली टीव्हीवर आलेली माणसं आज वेगळेच नट-नट्या रंगवतात, तरी ती परकी का वाटत नाहीत, असा विषय आहे. लेख निम्मा झालाय, पण ‘रीकास्टिंग’पाशी दर वेळी अडते. ‘पात्रबदल’ लिहिलं की वाटतं स्पॉकला काढून दुसराच कोणी अधिकारी आणला. इथे तर पात्र तेच आहे, माणूस नवा. ‘पुनर्पात्रयोजना’ एकाने सुचवला. त्यात प-च्या आधी विसर्ग हवा, म्हणजे ‘पुनःपात्रयोजना’, आणि तो कोणी मोठ्याने वाचेल असं वाटत नाही. बोलण्यात खरोखर रुळलेला शब्द कोणाकडे आहे का?

लालबागकर:
ताई, आमच्याकडे शब्द आहे: बदली. गिरणीत कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार उभा राहायचा. साचा तोच, पाळी तीच, कापडही तेच, हात फक्त दुसरे. माझ्या वडिलांनी बदली म्हणून सुरुवात केली होती. ‘बदली नट’ म्हणा, इथे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

एक वाचक, विलेपार्ले:
‘बदली नट’ ठीक, पण ‘स्पॉकची बदली’ लिहू नका. सरकारी नोकरीतली बदली आठवते आणि स्पॉकला दुसऱ्या यानावर पाठवल्यासारखं वाटतं!

नाट्यवेडा, दादर:
नाटकवाल्यांचं बोलणं ऐका, मग नवा शब्द घडवायची गरज उरत नाही. शिवाजी मंदिराच्या आवारात ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द सर्रास चालतो: ‘तिला मालिका मिळाली, रिप्लेसमेंट बघतायत.’ सगळाच नटवर्ग नवा असेल तर जाहिरातीत ‘नव्या संचात’ येतं. या दोन्हींत फरक आहे आणि तो तुमच्या लेखात उपयोगी पडेल. रिप्लेसमेंटमध्ये बाकीचे जुने असतात, त्यामुळे नव्याला त्यांच्या लयीत बसावं लागतं. नव्या संचात सगळी लयच नव्याने बांधतात. 2009 चा ‘स्टार ट्रेक’ चित्रपट नव्या संचातला: ख्रिस पाइन, झॅकरी क्विंटो, झोई साल्डान्या, कार्ल अर्बन, सगळेच नवे. ‘साविक’ या अधिकारी स्त्रीच्या पात्राचं मात्र रिप्लेसमेंट झालं. 1982 च्या चित्रपटात कर्स्टी अ‍ॅली, 1984 च्या पुढच्या भागात रॉबिन कर्टिस, आणि भोवती मूळचे कर्क-स्पॉक, म्हणजे शॅटनर-निमॉय, तेच.

आणि सर्वांत जुना शब्द ‘काम’. ‘बेलवलकरांचं काम कोण करतंय?’ असंच आपण विचारतो. ‘नटसम्राट’ 1970 साली आलं. डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ते काम केलं. आमच्या घरी अजून वाद होतो तो ‘लागूंचे बेलवलकर’ आणि ‘भटांचे बेलवलकर’ यांवर. बेलवलकर बदलले असं कोणीच म्हणत नाही. संगीत नाटकात तर हे पिढ्यांचं आहे. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला ज्यांनी पाहिली होती, त्यांतल्या कित्येकांनी पुढे बालगंधर्वांचीही पाहिली. चा-ची-चे लावलं की काम भागतं: निमॉयचा स्पॉक, क्विंटोचा स्पॉक.

माहीमकर:
नाट्यवेडा, हे फारच मोलाचं आहे, मनापासून आभार. ‘निमॉयचा स्पॉक’ मी लिहीतच होते, पण त्यात उत्तर दडलंय हे लक्षात आलं नव्हतं.

तरी एक अडचण राहते. रंगभूमीवर ‘लागूंचे’ आणि ‘भटांचे’ बेलवलकर कधी एका प्रयोगात समोरासमोर येत नाहीत. 2009 च्या चित्रपटात लेनर्ड निमॉय स्वतः म्हातारा स्पॉक म्हणून येतो आणि शेवटी क्विंटोच्या स्पॉकशी बोलतो. भविष्यातून आलेल्या नीरो या खलनायकामुळे इतिहासाला दुसरा फाटा फुटला, असं कथेत कारण दिलंय. मला हे कारण अपुरं वाटतं. त्यातून घटना वेगळ्या का घडल्या ते कळतं, चेहरा वेगळा का ते नाही. पुढे ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ (2022) ही मालिका तर मूळच्याच काळरेषेत घडते. तिथे ईथन पेक स्पॉक आहे, पॉल वेस्ली कर्क आणि सिलिया रोझ गुडिंग उहुरा, आणि चेहऱ्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. तिथे प्रेक्षक नाटकाचाच करार पाळतो. म्हणून ‘काम’ हा शब्द तिथे नेमका बसतो.

लालबागकरांची ‘बदली’ मी कर्कच्या आधी यानाचा कॅप्टन असलेल्या पाइकसाठी ठेवणार आहे. ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या पायलट भागात, म्हणजे मालिकेआधीच्या नमुना भागात, पाइकचं काम जेफ्री हंटरने केलं होतं. 1966 मध्ये तेच जुनं चित्रीकरण वापरून दोन भागांची नवी कथा रचली, तेव्हा हंटर मिळाला नाही. मग अपघातात होरपळलेला, खुर्चीला खिळलेला, बोलू न शकणारा पाइक दाखवला आणि रंगभूषेआड शॉन केनी बसला. जुन्या दृश्यांत हंटर, नव्या दृश्यांत केनी. गैरहजर माणसाच्या जागी उभं राहणं ते हेच. पुढे ब्रूस ग्रीनवुड आणि अ‍ॅन्सन माउंट यांनी पाइक केला, पण त्यांना बदली म्हणणं अन्याय होईल. माउंटने तर त्या कॅप्टनला पहिल्यांदाच पुरतं आयुष्य दिलं.

अनुवादक, बोरिवली:
या चर्चेत ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका यायलाच हवी, कारण तिथे कथाच सांगते की शरीर बदललं. ऑक्टोबर 1966 मध्ये विल्यम हार्टनेलचा म्हातारा डॉक्टर कोसळला आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन उठला. गंमत अशी की आज सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘रीजनरेशन’ हा शब्द तेव्हा नव्हता. पुढच्याच कथेत नवा डॉक्टर आपलं नूतनीकरण झाल्याचं सांगतो. ‘रीजनरेशन’ आला 1974 मध्ये, जॉन पर्टवी जाऊन टॉम बेकर आला तेव्हा. त्यांनाही शब्द सापडायला आठ वर्षं लागली, तेव्हा आपण घाई करू नये.

मराठीत मी ‘पुनर्जन्म’ वापरणार नाही, त्यात नव्याने बाळ होणं आलं आणि जुनं विसरणं आलं. ‘पुनर्जनन’ म्हटलं की जीवशास्त्रातली पालीची शेपटी आठवते. ‘कायापालट’ मुंबईत स्टेशनांना आणि चौपाट्यांना वाहून टाकला आहे. ‘परकायाप्रवेश’ मोहात पाडतो, पण नाट्यसमीक्षेत तो नटाने पात्रात शिरण्यासाठी वापरतात. इथे पात्र नव्या नटात शिरतं, म्हणजे दिशा उलटी. माझं मत ‘कायाकल्प’ला. आयुर्वेदातला शब्द आहे, माणूस तोच राहतो आणि देह नवा होतो. महाभारतात च्यवन ऋषी अश्विनीकुमारांबरोबर सरोवरात उतरतो आणि तरुण होऊन बाहेर येतो. तिघेही सारखेच दिसतात आणि सुकन्येला त्यांतून आपला नवरा ओळखायचा असतो. ‘डॉक्टर हू’चा प्रेक्षक दर वेळी हीच परीक्षा देतो.

मात्र त्याच मालिकेत कायाकल्प न होताही नट बदललाय. हार्टनेल 1975 साली गेला. 1983 च्या विशेष भागात पहिल्या डॉक्टरचं काम रिचर्ड हर्नडलने केलं आणि 2017 मध्ये डेव्हिड ब्रॅडलीने. तिथे ‘कायाकल्प’ लिहिलंत तर चूक ठरेल.

माहीमकर:
‘कायाकल्प’ पक्का. सुकन्येची गोष्ट लेखात घेते, तुमची हरकत नसेल तर.

म्हणजे सरसकट एक शब्द मी शोधणार नाही. कथेला बदल ठाऊक असेल तिथे ‘कायाकल्प’, ठाऊक नसेल तिथे ‘काम’, आख्खा नटवर्ग बदलला तर ‘नव्या संचात’. एकच जागा उरते. अँटन येल्चिन 2016 मध्ये गेला, तेव्हा नव्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतलं त्याचं चेकॉव्हचं काम दुसऱ्या कोणाला देणार नाही असं निर्माते जे. जे. अब्राम्स यांनी सांगितलं. येल्चिनच्या आधी मूळ मालिकेतल्या वॉल्टर केनिगने तेच काम वर्षानुवर्षं केलं होतं, म्हणजे ते दुसऱ्याकडे जाऊ शकतं हे सिद्धच होतं. तरी थांबले. अशा न देण्याला काय म्हणावं?

नाट्यवेडा, दादर:
‘ते काम त्याच्याबरोबर गेलं’ असं म्हणतात ताई. नुसतं तेवढंच लिहा.