मदत हवी आहे: छोट्या रॉकेटच्या नाकात वजन भरू की पंख वाढवू?

नमस्कार मंडळी. टेक्सासात लेकीसोबत वीतभर लांबीचं रॉकेट बनवतेय. एस्टेस कंपनीची १३ मिमी व्यासाची ए१०-३टी मोटर (रॉकेटचं छोटं इंजिन), कागदी नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे तीन पंख, पॅराशूटऐवजी फीत. मोटर बसवली की गुरुत्वमध्य पार मागे सरकतो. दोरा बांधून गरगर फिरवलं तर रॉकेट आडवं होतं, नाक पुढे राहतच नाही. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) निदान एक नळीव्यास पुढे हवा, एवढं कळतं. मग नाकात माती भरू, पंख मोठे करू, की नळीच लांब घेऊ? वजन वाढलं तर उंची कमी होणार आणि मोटर विझल्यावर फीत बाहेर ढकलली जाईपर्यंतच्या तीन सेकंदांच्या विलंबामुळे फीत खाली येताना सुटणार, याचीच मला जास्त धास्ती आहे. बाल्साच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवल्यात, ते बरोबर ना? लेक शनिवारची वाट बघतेय, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.