मेडन की मेटॅलिका? १९८२ ते १९८८ चे अल्बम क्रमाने लावायचे तर

रिफवेडा: आयर्न मेडन आणि मेटॅलिका, या दोन्ही हेवी मेटल बँडचे या काळातले अल्बम एकाच यादीत लावतोय. मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) पहिला, मेडनचा 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) दुसरा. गाडी अडते ती मेटॅलिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'वर (१९८८). 'ब्लॅकन्ड'सारखी गाणी त्यात आहेत, पण बेस गिटार ऐकूच येत नाही. इक्वलायझरवर (खालचे-वरचे सूर कमीजास्त करायची सोय) ८० हर्ट्झ उचललं की नुसता किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दणाणतो. याला कितवा नंबर द्यावा?

खालची_तार: बेस इक्वलायझरने परत येणार नाही. बेसच्या जाड तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या आसपास, गिटारच्या जाड तारेचा ८२. म्हणजे ८० उचललंत की गिटार आणि किकच फुगतात. त्यातून बेसवादक जेसन न्यूस्टेड बऱ्याच ठिकाणी गिटारवादक हेटफिल्डच्या रिफचेच (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) सूर वाजवतो, आणि सगळी वाद्यं एकत्र करताना, म्हणजे मिक्समध्ये, त्याची पातळी पार खाली घेतलेली. लगेच 'मास्टर'वरचं 'ओरायन' लावा, आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन काय करायचा ते कळेल. रचना म्हणून 'जस्टिस' तिसरा, ध्वनिमुद्रण म्हणून सहावा. माझ्या यादीत पाचवा.

गॅलप८४: 'पॉवरस्लेव्ह' पहिला हवा! मेडनचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस पिक (तार छेडायची छोटी पट्टी) न घेता बोटांनी वाजवतो, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांवर. एक लांब, दोन आखूड असा त्याचा गॅलप (घोड्याच्या टापांसारखा ठेका) बऱ्याच गाण्यांत स्वच्छ ऐकू येतो. त्यातलं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' साडेतेरा मिनिटांहून मोठं. मधल्या शांत भागात जहाजाच्या लाकडाची करकर आणि बेस, बाकी जवळपास काही नाही. दुसऱ्या बाजूची सुरुवात थोडी ढिली आहे, हे मान्य. मेडनच्याच 'नंबर ऑफ द बीस्ट'मध्ये (१९८२) मात्र 'गँगलँड' हे गाणं सरळ भरतीचं, म्हणून तो 'सेव्हन्थ सन'च्याही (१९८८) खाली.

जुनी_सीडी: नंबर देण्याआधी आवृत्ती बघा. मेडनच्या १९९८ च्या रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणावर पुन्हा काम केलेल्या) सीडी मूळ सीडींपेक्षा मोठ्या आवाजाच्या आहेत, आणि जे मोठं वाजतं ते कानाला आधी आवडतं. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर आवाज समान करण्याची सेटिंग चालू ठेवा आणि अख्खा अल्बम सलग ऐका. सीडीवर असाल तर स्नेअर ड्रमचा फटका दोन्हीकडे सारखा लागेपर्यंत व्हॉल्यूम हाताने जुळवा. 'मास्टर' आणि 'पॉवरस्लेव्ह' यांच्यात तरच निवाडा करता येईल.