मधल्या वयाचं काय?

कुणीतरी म्हटलंय की न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट (लक्ष, स्मरण, विचारांचा वेग तपासणाऱ्या) म्हणजे एकतर दहावीला एलडीची (शिकण्यातल्या अक्षमतेची) सवलत मिळवायला, नाहीतर म्हाताऱ्यांचा विसराळूपणा मोजायला. अर्धं पटलं, पण मधल्या वयाचं काय? आमच्या देवगडकडे सीझनला कोणी ना कोणी आंब्याच्या कलमावरून पडतोच, माझा चुलतभाऊ (वय ३८) तसाच पडला, डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल, घरी सोडलं, सगळे म्हणाले वाचला. पण महिन्याभरात पेट्यांचा हिशोब चुकायला लागला, दोन गडी एकदम बोलले की खेकसायचा, वहिनीला वाटलं आता कामाचा कंटाळा करतोय. शेवटी कोल्हापूरला तीनेक तास टेस्ट झाली, आकडे उलटे म्हणा, गोष्ट ऐकून अर्ध्या तासाने परत सांगा वगैरे. स्मरण ठीक निघालं, लक्ष आणि वेग मात्र मार खाल्लेला. सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं, ही असली गडबड दिसेलच असं नाही.

आणि म्हाताऱ्यांचे मार्क बघताना शिक्षणही बघा हो. विसराळूपणा तपासायच्या ३० मार्कांच्या मोका (MoCA) टेस्टमध्ये १२ वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर १ मार्क वाढवून देतात, पण शाळेचं तोंड न बघितलेल्या आमच्या आजीला घनाची आकृती काढायला लावून काय कळणार, तिला पेन धरायचीच सवय नाही, मासळीचा हिशोब मात्र तोंडी चोख.