दोन्या तेरेसाची बाजू

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींच्या सरहद्दीवरच्या गव्हर्नरांच्या बायका केवळ नवऱ्यामागून आल्या आणि गेल्या. मला हे अजिबात पटत नाही. न्यू मेक्सिकोच्या दोन्या तेरेसा दे आगिलेरा इ रोचेचंच पाहा.

तिचा नवरा बर्नार्दो लोपेस दे मेंदिसाबाल 1659 मध्ये न्यू मेक्सिकोच्या राजधानीत, सांता फेला, गव्हर्नर म्हणून आला. फ्रान्सिस्कन पाद्र्यांशी त्याचं वाकडं आलं आणि 1662 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाने, दोघांनाही पकडलं. (गोव्यामुळे हे नाव आपल्याला परकं नाही.) तिच्यावरचा आरोप काय, तर ती छुपी ज्यू आहे. पुरावा म्हणजे नोकरचाकरांच्या साक्षी: शुक्रवारी अंघोळ करते, धुतलेले कपडे घालते (म्हणजे ज्यूंच्या शब्बाथची तयारी!), परक्या भाषेतलं पुस्तक वाचून हसते. ती इटलीत जन्मलेली, पुस्तक इटालियन. त्या गावात ते कुणाला कळणार!

साक्षीदारांची नावं आरोपीला सांगत नसत. म्हणून मेक्सिको सिटीच्या कोठडीत तिने स्वतःच्या हाताने बचाव लिहिला आणि कोण, कशासाठी आपल्यावर दात धरून असेल ते एकेकाचं नाव घेऊन मांडलं. त्यातून सांता फेची माजघरं, भांडणं, मोलकरणींची गाऱ्हाणी, कुणाचं कुणाशी सूत, सगळं समोर येतं. गव्हर्नरांच्या सरकारी कागदांत हे कुठून सापडणार?

नवरा 1664 मध्ये कैदेतच वारला. त्याच वर्षाअखेरीस तिचा खटला निकाल न देताच थांबवला गेला. निर्दोष असं तिला कुणी म्हटलं नाही, याचा मला आजही राग येतो.