विषय: भाचीचं ॲडमिशन – जर्मनीत शिक्षण खरंच फुकट आहे का?

प्रेषक: एक सभासद, ब्योब्लिंगेन

नमस्कार मंडळी,

काल नाशिकच्या ताईचा तासभर फोन होता. भाचीचं मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष संपतंय. एजंटाने घरात स्वप्न पेरून ठेवलंय: बर्लिनचं खासगी कॉलेज, सगळं इंग्रजीत, वर्षाला बारा हजार युरो, "काम करत करत फी सुटते". ताई म्हणते, जर्मनीत शिक्षण फुकट ना रे? मी इथे आलो तो कंपनीच्या व्हिसावर, विद्यार्थ्यांचं मला काडीचं कळत नाही. पोरांनो, खरं काय ते सांगा. घर गहाण टाकायची भाषा चालू आहे.

प्रेषक: विद्यार्थिनी, स्टुटगार्ट

मामा, घर गहाण टाकू देऊ नका.

"फुकट" हे सरकारी विद्यापीठांपुरतं. बहुतेक राज्यांत तिथे फी नाही, सत्राला थोडी वर्गणी भरायची. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. तरी एजंटाच्या आकड्याच्या पावपटच.

खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवावे लागतात, ते इथे आल्यावर महिन्याला ९९२ असे हातात येतात. माझे त्यातले निम्मे खोलीतच जातात. खोली मिळाली तर! सात आठवड्यांत मी तीन घरं बदलली. एक घरमालक म्हणाला, राहा, पण आनमेल्डुंग, म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंद, करायची नाही. मग कागदोपत्री पत्ताच नाही तर व्हिसा वाढवायला जायचं कशाच्या जोरावर? शिवाय ते पैसे एकाच वर्षाचे. मास्टर्स कागदावर चार सत्रांचं, माझं पाचवं चालू आहे आणि थिसिस बाकी.

पुण्यात मी आदल्या रात्री वाचून पास होणारी मुलगी. इथे सत्रभर कुणी विचारत नाही आणि शेवटी पुष्कळ विषयांना एकच पेपर, शंभर टक्के. आमच्याकडे एका विषयाला तीन प्रयत्न. तिसऱ्यांदा गेलात की नाव कटतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. माझा एक पेपर तिसऱ्या प्रयत्नात सुटला. तो महिनाभर आईला फोनवर रोज "मजेत" म्हणत होते.

वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. त्यात किराणा आणि थोडं भाडं निघतं, बारा हजार निघत नाहीत. गोदामात रात्रपाळी केली की सकाळचं लेक्चर बुडालंच.

तरी पुन्हा आले असते. एकदा भर वर्गात सरांना म्हटलं, तुमचं चिन्ह चुकलंय. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. त्या दिवसासाठी डिसेंबरमधला साडेचारचा अंधारही चालतो. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं, ते वेगळंच.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, एस्लिंगेन

पोरीने सगळं सांगितलं, एक राहिलं. "कोर्स इंग्रजीत, जर्मन नको" ही एजंटाची सगळ्यात मोठी थाप. मी मुलाखती घेतो. गुण उत्तम असलेली आपली मुलं "जर्मन ए१", म्हणजे अगदी पहिली पायरी, लिहून येतात आणि तिथेच अडकतात. मशीनवरचा फोरमन इंग्रजी बोलायला बसलेला नाही. भाचीला म्हणावं, वर्षभर थांब, ए१, ए२ करून तिसरी पायरी बी१ कर, मग ये.

प्रेषक: विद्यार्थिनी, स्टुटगार्ट

काका, अख्खं वर्ष नको. आपली भारतातली कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएसचं प्रमाणपत्र काढायचं, अर्ज करायचे, व्हिसाची तारीख मिळवायची, यातच कितीतरी महिने जातात. तेवढ्यात ए२ सहज होतं. उरलेलं इथे. ब्रेडच्या दुकानात रांगेत उभं राहून जे शिकले ते क्लासमध्ये नाही शिकले.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, एस्लिंगेन

बरं, ए२. पण पक्कं.

प्रेषक: एक सभासद, ब्योब्लिंगेन

ताईला सगळं वाचून दाखवलं. एजंटाचे भरलेले पंधरा हजार रुपये बुडाले, पण घर वाचलं. भाची शनिवारी तुला फोन करेल गं. तिला गुण विचारू नकोस, स्वयंपाक काय येतो ते विचार. मी विचारलं तर म्हणाली, "मॅगी, आणि तीही आईच्या हातची."