खायला घालता, मग मांजरीचं ऑपरेशन कोण करणार?

सुतरफेणी (धागाकर्ती)

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जिन्याखाली एक ठिपक्यांची मांजर आषाढात व्याली. चार पिल्लं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. हिने मीटरच्या खोलीपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खोक्यापर्यंत पाच केली. त्यात एक पिल्लू गाडीखाली गेलं, एक सर्दीने डोळे चिकटून. उरलेल्या दोघांना घर शोधत होते, तोवर गणपतीत बाई पुन्हा गाभण! पिल्लं अजून अंगावर पीत होती. अंगावर पाजणारी मांजरसुद्धा माजावर येते, हे मला तेव्हा कळलं.

ती व्याल्यावर, पिल्लं सुटी झाल्यावर ऑपरेशन करून घेतलं. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच ‘पाप’ वगैरे सुरू. पाप म्हणणाऱ्यांपैकी तिघं रोज तिला दूधपोळी घालतात. माझं म्हणणं सरळ आहे: रोज खायला घालणाऱ्याने नसबंदीचंही बघावं. तेवढं जमत नसेल तर घालू नये.

खळ्यातला

शेवटच्या वाक्याशी साफ असहमत. आमच्याकडे संगमेश्वरात भाटी (म्हणजे मांजरी) पाळली जाते ती उंदरांसाठी. भात कणगीत पडलं की भाटी हवीच. पिल्लं जास्त कधी होतच नाहीत, कोल्हा, बिबट्या, बोके आपापला वाटा घेऊन जातात. शहरात तुम्ही मासळीचे काटे आणि दूध घालून संख्या वाढवता आणि मग निसर्गावर कात्री चालवता.

सुतरफेणी

‘वाटा घेऊन जातात’ हे किती सहज लिहिलंत! आणि गावातही जास्त होतात हो. माझ्या आजोळी पोत्यात भरून बाजाराच्या कडेला सोडून यायचे. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून मारायचं नाही, फक्त सोडायचं. पुढे ते मेलं तर हिशेब आपल्याकडे नाही.

माईआजी

मी जुन्या वळणाची. तिला एकदा तरी आई होऊ द्यावं, मग खुशाल करा. मुक्या जिवालाही ते सुख असतंच. आमची मनी पहिल्या बाळंतपणानंतर किती शांत झाली.

अर्धा_डॉक्टर

परळला पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून नाक खुपसतो.

माईआजी, ‘एकदा आई’ला वैद्यकीय आधार नाही. उलट आहे. मांजरींच्या स्तनांतल्या गाठींपैकी बहुतेक, दहांत आठ-नऊ, कर्करोगाच्या निघतात. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर हा धोका सुमारे 90 टक्क्यांनी कमी होतो. दोन वर्षांनंतर केलं तर या बाबतीत फारसा फायदा उरत नाही. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच राहत नाही. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभण असते साधारण नऊ आठवडे. म्हणजे ‘अजून लहान आहे’ म्हणेपर्यंत ती आजी व्हायच्या मार्गाला लागलेली असते. आपल्याकडे थंड देशांसारखा छोट्या दिवसांचा लांब हिवाळा नाही, त्यामुळे माजाला सुट्टीही फारशी मिळत नाही.

भुलीत जीव जाण्याचा धोका असतो, नाही म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत निरोगी मांजरांत तो हजारात एकच्या आसपास निघाला होता.

आणि सुतरफेणीताई, तुमच्या बाजूचे लोक ‘एका जोडीपासून सात वर्षांत 4 लाख 20 हजार’ हा आकडा फिरवतात ना, तो कृपया फिरवू नका. त्यात एकही पिल्लू मरत नाही असं धरलंय. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोकाट मांजरांची चारांतली तीन पिल्लं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. खळ्यातल्या काकांचा ‘वाटा’ खरा आहे. फक्त तो मला नसबंदीच्या बाजूचा मुद्दा वाटतो.

सुतरफेणी

तो आकडा मी ग्रुपवर टाकला होता. काढते.

चाळीतला_बोका

मादीचे साडेतीन हजार लागले मला, बोक्याचे त्याच्या निम्मे. पाच मांजरांना घालणाऱ्या पेन्शनर बाईंनी कुठून आणायचे? ‘जमत नसेल तर घालू नये’ हे पगारदार माणसाचं तत्त्वज्ञान आहे. घालणारीमुळेच तर मांजर हाताशी येते! आमच्या चाळीत जिला कुणी खायला घालत नव्हतं ती आजवर पिंजऱ्यात आली नाही. ज्यांची झाली त्यांच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं असतं, म्हणजे तीच पुन्हा टेबलावर जात नाही.

सुतरफेणी

हे पटलं. वाक्य असं करते: घालणाऱ्याने पकडून द्यावं, पैसे सोसायटीने काढावेत. (आमची सोसायटी गणपतीच्या मखराला काढते तेवढे तरी.)

खळ्यातला

डॉक्टर, एक विचारतो. ऑपरेशन झालेली भाटी उंदीर धरते का? की सोफ्यावर लोळते?

अर्धा_डॉक्टर

धरते. शिकारीचा नाद अंडाशयात नसतो. अंगाने सुटते मात्र, खाणं थोडं आवरायचं.

खळ्यातला

मग बोक्याचं करतो. रात्रभर भांडून कान फाडून येतो आणि कणगीवर मुततो. भाटीला हात लावणार नाही.

अर्धा_डॉक्टर

भांडणं आणि वास कमी होईल, चावाचावीतून पसरणारे आजारही. पण पिल्लं थांबणार नाहीत. वाडीत एक बोका शिल्लक राहिला तरी सगळ्या भाट्यांना पुरतो. करायचंच तर आधी भाटीचं करा.

खळ्यातला

भाटीला पकडणार कोण? ती फक्त आमच्या हिच्याकडे येते, आणि ही माईआजींच्या पक्षाची आहे.