.२२ स्पोर्ट पिस्तूल : शंभरेक राउंडनंतर पुंगळी चेंबरमध्येच अडकते

पंचवीस_मीटर
.२२ एलआर, सेमी-ऑटो, ब्लोबॅक. दारूगोळा स्टँडर्ड व्हेलॉसिटी, ४० ग्रेन. पहिले ८०-१०० राउंड सुरळीत जातात. मग दर दहा-पंधरा राउंडमागे एकदा रिकामी पुंगळी चेंबरमध्येच (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) राहते, स्लाईड मागे जाऊन येते आणि पुढचं काडतूस पुंगळीच्या बुडावर आदळतं. हाताने स्लाईड ओढली तर पुंगळी कधी निघते, कधी एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी धरणारं नख) रिमवरून, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेवरून, निसटतो. एक्स्ट्रॅक्टर बदलू का? पार्ट यायला महिना-दीड महिना लागेल, म्हणून आधी विचारतोय.

तेलकट_चिंधी
थांबा, पार्ट मागवू नका. ब्लोबॅकमध्ये झाडलेली पुंगळी एक्स्ट्रॅक्टर ओढून काढत नाही. गॅसच्या दाबाने तीच मागे सरकते आणि स्लाईडला ढकलते. एक्स्ट्रॅक्टर तिला फक्त ब्रीचफेसला (स्लाईडच्या ज्या तोंडावर पुंगळीचं बूड टेकतं त्याला) धरून इजेक्टरपर्यंत (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागापर्यंत) नेतो. म्हणजे पुंगळी आतच राहत असेल तर तिला चेंबरने पकडून ठेवलंय, असा पहिला संशय. तुमचं पिस्तूल शंभर राउंडनंतर अडतंय, तिथेच अर्धं उत्तर आलं. .२२ च्या गोळीवर बाहेरून मेण असतं. मेण, शिसं आणि काजळी मिळून चेंबरमध्ये कडक थर बसतो. बॅरलमधून चिंधी फिरवून तो जात नाही.

मॅगझिन काढा, स्लाईड मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. मगच पिस्तूल खोला. ब्राँझचा .२२ चा ब्रश सॉल्व्हंटमध्ये भिजवून शक्यतो ब्रीचकडून चेंबरमध्ये घाला, १०-१५ मिनिटं मुरू द्या, मग एकाच दिशेने आठ-दहा वेळा पिळत फिरवा. पुढे-मागे घासून हा थर सुटत नाही, पिळल्यावरच सुटतो. शेवटी चेंबर अगदी कोरडा पुसा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची काजळी लाकडी टूथपिकने काढा, सुईने नको.

मग त्याच पिस्तुलातून झाडलेली एक रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून पाहा. ती बोटांनी सहज आत-बाहेर झाली पाहिजे. जिवंत काडतूस घालून ही तपासणी करायची नाही. शिवाय मॅच चेंबर इतका घट्ट असतो की गोळी रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकते आणि चांगला चेंबरही अडल्यासारखा वाटतो.

बोळा_नंबर_दोन
चेंबरला तेलाचं एक बोट लावा किंवा हाय व्हेलॉसिटी वापरा. चालेल.

तेलकट_चिंधी
@बोळा_नंबर_दोन दोन्ही नकोत. तेलाने पुंगळीची चेंबरवरची पकड सुटते, स्लाईडवर मागचा धक्का वाढतो आणि त्यात काजळी मिसळली की चिखल. हाय व्हेलॉसिटी साधारण ३७५ मीटर प्रति सेकंद, स्टँडर्ड ३२०-३३० च्या आसपास. मॅच पिस्तुलाची स्प्रिंग आणि स्लाईड स्टँडर्डसाठी जुळवलेली असतात. लक्षण दडेल, पण फ्रेमला रोज मार बसेल.

रिमफायर_काका
साफ करूनही अडलं तर अडकलेल्या पुंगळ्या फेकू नका, भिंगाखाली धरा. रिमचा तुकडा निघालाय? मग नख पकडतंय, चेंबर सोडत नाहीये. रिमवर नखाची नुसती खरड आहे? नखाची धार गोल झालीये किंवा त्याची स्प्रिंग मेलीये. पुंगळीच्या अंगावर प्रत्येक वेळी एकाच जागी उभा ओरखडा? चेंबरला बर (धातूचा आत आलेला उंचवटा) आहे.

या बरचं नेहमीचं कारण म्हणजे ड्राय फायर, म्हणजे काडतूस नसताना चाप ओढणं. .२२ मध्ये फायरिंग पिन काठावर मारते. चेंबर रिकामा असताना ती थेट चेंबरच्या कडेवर आपटली तर तिथला धातू आत ढकलला जातो. कानाच्या काडीचा कापूस कडेवरून फिरवा, अडकला तर समजा. तिथे कानस लावू नका. गनस्मिथ चेंबर आयर्न नावाच्या हत्याराने तो धातू परत मागे दाबतो, कापत नाही. काम परवानाधारक गनस्मिथकडेच. ड्राय सरावाला पिस्तुलात वेगळी सोय असेल तर ती वापरा, नाहीतर स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस).

एक्स्ट्रॅक्टरची परीक्षा सोपी आहे. स्लाईड काढा, रिकाम्या पुंगळीची रिम नखाखाली सरकवा आणि स्लाईड हलकेच हलवा. पुंगळी लटकून राहिली तर स्प्रिंग ठीक. पडली तर आधी स्प्रिंग बदला, ती नखापेक्षा स्वस्त.

बाकी पुंगळी चेंबरमधून निघून स्लाईडच्या दारात उभी अडकत असेल, तर तो आजार वेगळा : स्लाईड पूर्ण मागे जात नाही. रीकॉइल स्प्रिंग, तेल, मनगटाची पकड बघा.

पंचवीस_मीटर
साफ केलं. चेंबरच्या तोंडाशी काळी कडी होती, ब्रश तीनदा भिजवावा लागला. पुंगळी आता बोटाने आत-बाहेर होते, नखही धरतंय. कापूस मात्र वरच्या कडेला किंचित अडतो.

रिमफायर_काका
मग गनस्मिथला दाखवाच. तोवर दर ५० राउंडनंतर चेंबरमध्ये ब्रश पिळा. आणि काडतुसांचा डबा मे महिन्यात गाडीत ठेवू नका. मेण वितळून एका बाजूला उतरतं, मग कुठल्याही चेंबरची तक्रार येणारच.

सिरीज_पाच
रेंजवर अडकलं तर काय करायचं, ते राहिलं. नळी टार्गेटकडेच. चाप ओढूनही झाडलं नसेल तर ३० सेकंद थांबा. आवाज फुसका आला असेल तर बॅरल मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढचा राउंड नाही. आणि .२२ मध्ये रिमवर पिनची खूण दिसली म्हणून काडतूस झाडलं गेलं असं धरू नका, मिसफायरवरही तीच खूण असते. शंका असेल तर पुढून रॉड घालायचा नाही, आर्मररला (रेंजवरच्या शस्त्र-दुरुस्तीवाल्याला) द्या.

स्पर्धेत तर हातच लावू नका. मोकळा हात वर करून अधिकाऱ्याला बोलवा. पुंगळी बाहेर न पडणं आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियमांत ग्राह्य बिघाड आहे, पण तुम्ही आधीच स्लाईड ओढलीत तर तो अग्राह्य ठरतो आणि न झाडलेले शॉट शून्य धरले जातात.